मलाही घ्या की खेळायला

मधल्या सुट्टीची घंटा झाली की पहिली-दुसरीच्या पोरांचा स्वतःचा एक कायदा लागू होतो. तो कुठे लिहिलेला नसतो, पण मोडलेला चालत नाही. राज्य कोणावर, हे चकून ठरतं. बुटाचा बंद सुटला तर ‘टाइम प्लीज’ म्हणायचं, मग पाठलाग करणारासुद्धा थांबतो. कट्टी घ्यायची तर घ्या, पण ती फार दिवस ओढायची नाही. आणि ज्याला अजून नीट पळता येत नाही, किंवा घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून जो ताईचा फ्रॉक धरून मैदानावर आलाय, त्याच्यासाठी एक खास कलम आहे. तो कच्चं लिंबू. त्याला शिवलं तरी तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. पण तो खेळात असतो, धावतो, ओरडतो आणि जिंकल्यावर इतरांइतकाच नाचतो.

हे कलम कोणा शिक्षणतज्ज्ञाने सुचवलेलं नाही. सात-आठ वर्षांची पोरंच ते पिढ्यानपिढ्या पुढच्या पोरांच्या हवाली करत आली आहेत. दुबळ्याला सामावून घ्यायचं, त्याला कमीपणा वाटू द्यायचा नाही आणि तरी खेळ बिघडू द्यायचा नाही, एवढी बारकाई कित्येक सरकारी योजनांना साधलेली नाही.

पण त्याच मैदानाच्या कडेला एखादी मुलगी उभी असते आणि तिला कच्चं लिंबू म्हणूनसुद्धा कोणी घेत नाही. कधी तिच्या कपड्यांना वास येतो म्हणून, कधी ती अडखळत बोलते म्हणून, कधी तिच्या आडनावाबद्दल घरी मोठी माणसं काहीतरी बोलून गेलेली असतात म्हणून. सामावून घेणारी आणि हाकलून देणारी मुलं वेगवेगळी नसतात. बहुतेक वेळा तीच असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. करुणेचा धडा घेऊन करुणा येत नाही. ती मुलांत बरीचशी असतेच. कोण कोणाशेजारी बसतं, भांडण कसं मिटतं, खिचडी कोण वाढतं, फळ्याच्या कोपऱ्यात कोणाची नावं लिहिली जातात, ही जी शाळेची रोजची रीत असते ती त्या करुणेला वाव तरी देते, नाहीतर दाबून तरी टाकते. कार्यक्रम, कार्यपुस्तिका, प्रशिक्षणं यांचं मोल ही रीत त्यांनी किती हलवली, यावरच ठरतं.

*

मूल मुळात स्वार्थी असतं आणि संस्कारांनी त्याचा माणूस होतो, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तिला चांगलाच धक्का दिला. दीड वर्षाच्या मुलांसमोर त्यांनी साधे प्रसंग उभे केले. एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो आणि तो वाकून हात लांबवतो, पण पोहोचत नाही. किंवा दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा आहे आणि कपाटाचं दार उघडता येत नाही. कोणी काही सांगितलेलं नाही, बक्षीस कबूल केलेलं नाही. तरी मुलं दुडुदुडु गेली, चिमटा उचलून दिला, दार उघडून दिलं. सगळ्यांनी प्रत्येक वेळी मदत केली असं नाही, पण बहुतेकांनी कुठे ना कुठे केलीच.

दोन वर्षांनी त्याच दोघांनी केलेला प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या वेळी मदत केल्यावर काही मुलांना खेळणं दिलं, काहींना नुसतं शाबास म्हटलं, काहींना काहीच दिलं नाही. नंतर पुन्हा मदतीची वेळ आणली, तेव्हा ज्यांना आधी खेळणं मिळालं होतं तीच मुलं मागे राहिली. जे सहज होत होतं त्याला मोबदला लागला आणि मग मोबदल्याशिवाय ते होईना.

हे वाचल्यापासून शाळांच्या भिंतींवरचे ‘चांगल्या सवयींचे’ तक्ते पाहताना मला चैन पडत नाही. डबा वाटून खाल्ला, एक स्टार. पडलेल्याला उचललं, दोन स्टार. शनिवारी ज्याचे स्टार सर्वांत जास्त त्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. पुण्यातल्या एका खाजगी शाळेत असा तक्ता बघत उभा होतो, तेव्हा शेजारून एका चिमुरडीने माहिती पुरवली : ‘‘तो मुद्दाम पेन्सिल पाडतो आणि तिला उचलायला लावतो. मग दोघांना स्टार.’’ हिशेब चोख आहे.

*

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी एकाच खोलीत, बाईंकडे. गावातले निम्मे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुलं त्यांच्याबरोबर कारखान्याच्या वाटेला लागतात, काही आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात.

गणिताचा तास चालू असताना मागच्या रांगेत झटापट झाली. एक मुलगा रडत उठला. ‘‘बाई, यानं माझं शार्पनर घेतलं.’’ दुसऱ्याने लगेच, ‘‘मी नाई घेतलं. खाली पडलं व्हतं.’’ सगळा वर्ग साक्षीदार व्हायला तयार. आपण सगळे अशा वर्गांत बसलो आहोत, त्यामुळे पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. शार्पनर कोणाचं याचा निवाडा, एकाला धपाटा, दुसऱ्याला ‘रडतोस काय मुलीसारखा’, दोघांकडून ‘सॉरी’ आणि पुन्हा गणित.

बाईंनी खडू ठेवला आणि दोघांना व्हरांड्याच्या पायरीवर घेऊन बसल्या. आधी रडणाऱ्याने सांगायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. मग दुसऱ्याने, पहिला काय म्हणाला ते म्हणून दाखवायचं. स्वतःचं म्हणणं त्यानंतर. ऐकायला हे सोपं वाटतं, पण सात वर्षांच्या मुलाला प्रचंड जड जातं.

‘‘तो काय म्हणला?’’

‘‘मी चोर हे.’’

‘‘नाही म्हणलो मी चोर!’’

‘‘परत सांग. तू नीट ऐक.’’

तिसऱ्या खेपेला उलगडा झाला. शार्पनर साधंच होतं, दुकानात पाच रुपयांना मिळेल असं. पण ते वडिलांनी कारखान्यावरून येताना आणलेलं होतं. दुसऱ्या मुलाने हे शब्द म्हणून दाखवले, ‘‘त्याच्या पप्पांनी आणलंय कारखान्यावरून,’’ आणि त्याचा आवाज उतरला. त्याचेही वडील कारखान्यावरच होते, अजून आले नव्हते. शार्पनर परत झालं. ‘सॉरी’ कोणी म्हटलं नाही, बाईंनी म्हणायला लावलंही नाही. मी नंतर विचारलं. म्हणाल्या, ‘‘सॉरी म्हणायला किती वेळ लागतो, सर? ते म्हणून मोकळी होतात आणि गेटाबाहेर परत मारामारी करतात. त्याला काय वाटलं, ते ह्याच्या तोंडून निघालं की बास.’’

या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं गेली आणि हातच्याची वजाबाकी राहिली. बाईंना त्याची खंत होती. केंद्रप्रमुख भेटीला आले की वजाबाकी विचारतात, पायरीवर काय झालं ते विचारत नाहीत.

ही पद्धत कुठून आली? काही प्रशिक्षणातून, काही स्वतःच्या डोक्यातून, असं उत्तर मिळालं. बीडमध्ये ते स्वाभाविक आहे, कारण ‘मूल्यवर्धन’ या कार्यक्रमाची सुरुवात २००९ साली याच जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून झाली. त्यामागे शांतीलाल मुथ्था. १९९३च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला घेऊन येणारे ते हेच. मूल्यवर्धनाचा पाया संविधानातल्या स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता या मूल्यांवर आहे. पद्धत म्हणाल तर जोडीत बोलणं, गटात काम करणं, सगळ्यांनी मिळून नियम ठरवणं, हरवण्यापेक्षा साथ देण्याचे खेळ. पुढे राज्य शासनाच्या साथीने तो राज्यभर गेला.

त्याच्याबद्दल शिक्षकांत दोन तट दिसतात. काही जण म्हणतात, वर्गातली मुलं बोलायला लागली, विशेषतः मुली. काही जण हसून म्हणतात, ‘‘आणखी एक उपक्रम आला, फोटो पाठवा.’’ दोघांचंही खरं आहे. जोडीत बोलायला लावणं ही बारीकशी वाटणारी गोष्ट वर्गाची बैठक बदलते. चाळीस मुलं एका माणसाकडे तोंड करून बसलेली असतात, तेव्हा शेजारच्याकडे बघणं हा गुन्हा असतो. जोडी केली की शेजारी हाच अभ्यास होतो. आणि हेच काम वरून रकाना भरायला आलं की त्याचा फोटो तेवढा उरतो.

*

कॅनडात टोरांटोला १९९६ साली मेरी गॉर्डन यांनी वर्गात चक्क बाळ आणायला सुरुवात केली. ‘रूट्स ऑफ एम्पथी’ हा त्यांचा कार्यक्रम आता कितीतरी देशांत चालतो. शाळेच्या आसपास राहणारं, दोन ते चार महिन्यांचं बाळ वर्षाच्या सुरुवातीला आईबापांबरोबर वर्गात येतं. हिरव्या चादरीवर त्याला ठेवतात, मुलं भोवती बसतात. दर तीन आठवड्यांनी हेच बाळ पुन्हा येतं. ते आता का रडलं? मान धरायला लागलं का? पालथं पडताना चिडतंय, म्हणजे त्याला काय हवंय? बाळाला बोलता येत नाही, त्यामुळे मुलांना त्याच्या चेहऱ्यावरून, हातापायांवरून अंदाज बांधावा लागतो आणि तसं करता करता स्वतःच्या रागाबद्दल, भीतीबद्दल बोलायला शब्द सापडतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या किंबर्ली शोनर्ट-रायकल आणि सहकाऱ्यांनी या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा मुलांतली दांडगाई कमी झाल्याचं आढळलं.

हे वाचताना मला डहाणू तालुक्यातली कोसबाडची टेकडी आठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली त्या कोसबाडला, वारली पाड्यांच्या मधोमध गेल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ जन्मली ती अशी. गुरं राखणारी पोरं येऊ शकत नव्हती, तर कुरणशाळा काढली. आणि मोठ्या मुली का येत नाहीत, याचं उत्तर तर त्यांच्या कडेवरच होतं. आई मजुरीला गेली की धाकट्याला सांभाळायचं काम त्यांचं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. ताईने भावाला घेऊन यायचं, तो पलीकडे पाळण्यात, ती अलीकडे पाटीवर.

टोरांटोत करुणा शिकवण्यासाठी बाळ वर्गात आणावं लागलं. कोसबाडला बाळ आधीच दारात होतं, प्रश्न त्याला आत घेण्याचा होता. तो करुणेचा कार्यक्रम नव्हता, मुलींना शाळेत येता यावं यासाठीची सोय होती. पण आपल्या शाळेला आपल्या धाकट्या भावाचीही काळजी आहे, हे ज्या मुलीला कळलं तिला मायेवर वेगळा पाठ कशाला लागेल?

इथे गोडवा फार वाढायला नको. ऊसतोडीच्या फडावर दहा वर्षांची मुलगी बाजरीची भाकरी थापते, भावाला जेवू घालते, त्याला ताप आला तर रात्री जागते. सामाजिक-भावनिक कौशल्यांच्या कोणत्याही यादीवर तिला पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण हे तिच्यावर लादलेलं काम आहे आणि तिला स्वतःला कच्चं लिंबू व्हायचा हक्क आहे. ती मार्चमध्ये परत येते तेव्हा शाळेच्या लेखी ती ‘अप्रगत’ असते. तिच्याजवळ काय आहे, हे लिहायला शाळेत जागा नाही.

*

जागा नाही असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन महाराष्ट्रात २०१०पासून आलं आणि त्याबरोबर ‘वर्णनात्मक नोंदी’ आल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने दोन ओळी स्वतःच्या लिहायच्या. कल्पना सुरेख होती. आज बाजारात आणि मोबाइलवर तयार नोंदींच्या याद्या मिळतात : ‘इतरांना मदत करतो’, ‘गटात सहकार्य करतो’, ‘मित्रांच्या भावना समजून घेतो’. हजेरीपटाच्या क्रमाने त्या उतरवल्या जातात. एका शिक्षकमित्राच्या वहीत सलग सहा मुलं ‘मित्रांच्या भावना समजून घेत’ होती, सातव्यापासून सगळी ‘परिसर स्वच्छ ठेवत’ होती. त्याला दोष देऊन काय उपयोग? निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, तांदळाचा हिशेब आणि एका खोलीत दोन इयत्ता. ज्याच्याकडे कोणी माणूस म्हणून बघत नाही, त्याने तीस मुलांकडे माणूस म्हणून बघावं, अशी ही अपेक्षा.

तासिका ठेवून हे जमतं का? दिल्ली सरकारने जुलै २०१८मध्ये दलाई लामांच्या हस्ते ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू केला. नर्सरी ते आठवी, पहिलीपासून पुढे रोज ४५ मिनिटं, परीक्षा नाही. शांत बसून श्वासाकडे लक्ष, गोष्ट, चर्चा, कृती. आपल्याकडे २०२४पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे. या गोष्टींची टिंगल मला करायची नाही. घरी आरडाओरडा, शाळेत आरडाओरडा, अशा मुलाला दिवसात थोडा वेळ कोणी न ओरडता मिळाला तरी ते मोठं आहे. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा २१३ कार्यक्रमांची, पावणेतीन लाखांच्या आसपास मुलांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. चांगल्या कार्यक्रमांतून वागणुकीत तर फरक पडलाच, अभ्यासातही मुलं पुढे गेली. उलट ब्रिटनमध्ये ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिरियड’ चाचणीत नुसतं मनःशांतीचं प्रशिक्षण नेहमीच्या शिकवण्यापेक्षा सरस ठरलं नाही. वय मोठं आहे, त्यामुळे ते पहिलीला लावता येत नाही. पण डोळे मिटून बसवलं की काम झालं, या समजुतीला तेवढा चिमटा पुरे.

माझी अडचण वेगळीच आहे. पंचेचाळीस मिनिटं आनंदाची आणि उरलेल्या दिवसात मॉनिटरची. मॉनिटर ही आपल्या शाळांतली फार जुनी संस्था. बाई बाहेर गेल्या की एकाच्या हातात खडू येतो आणि तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. नावापुढे फुल्या. आठ वर्षांच्या मुलाला आपण सत्ता देतो ती मित्राची तक्रार करण्याची. मग त्याच्या वहीचं कव्हर कोणी घालून देतं, कोणी चिंच देतं, आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्या नावापुढे फुल्या वाढत जातात. तिकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. छडी बरीच कमी झाली, हे मान्य. पण ‘तुझ्या डोक्यात शेण भरलंय का’ हे वाक्य चाळीस जणांसमोर ऐकलेलं मूल मधल्या सुट्टीत ते कोणावर तरी काढतं, आणि कोणावर काढायचं हे त्याला बरोबर ठाऊक असतं.

मुलं बघून शिकतात, हे आपल्या वाचकाला नवं नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातला अळणी भाजीचा प्रसंग आठवा. भाजीत मीठ नाही, पण करणाऱ्या आईला वाईट वाटू नये म्हणून वडील ती चवीने खातात आणि मुलगा ते पाहतो. आपण या पुस्तकाची आठवण काढतो ती रडण्यासाठी. त्यातली ही शिकवण्याची रीत मात्र निसटते. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयाचे प्रमुख असताना गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत. मुलांना आधी संकोच वाटला असणार. पण श्रमप्रतिष्ठेवर भाषण ऐकून जे झालं नसतं, ते झाडू हातात घेतलेल्या मास्तराला पाहून झालं.

*

आता मैदानाच्या कडेच्या मुलीकडे येतो.

शिकागो विद्यापीठाच्या ‘लॅबोरेटरी स्कूल्स’मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्याच शाळेतल्या बालवर्गात, व्हिव्हियन पेली नावाच्या शिक्षिका होत्या. बरीच वर्षं शिकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वर्गात काही मुलं ‘मालक’ असतात. कोण खेळेल, कोण नाही, हे तेच ठरवतात, आणि नाकारली जाणारी मुलं वर्षभर तीच राहतात. पेलीबाईंनी एक नियम मांडला : ‘तू खेळायचं नाहीस’ असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. लगेच लागू केला नाही. आधी आपल्या पाच वर्षांच्या मुलांशी महिनोन्‌महिने चर्चा केली, मग वरच्या वर्गांत जाऊन मोठ्या मुलांना विचारलं. मोठी मुलं म्हणाली, नियम योग्य आहे, पण चालणार नाही. आम्हाला उशीर झाला, लहान असतानाच करायला हवा होता. १९९२ साली पेलीबाईंचं यावरचं पुस्तक आलं. नियम लागू झाल्यावर मुलांनाच हायसं वाटलं, असंही त्यांना दिसलं. कोणाला बाहेर ठेवायचं, हे ठरवण्याचा भार उतरला.

मला यातलं पटतं ते हे की चर्चा केली, तरी त्यांनी मुलांचं मन बदलेपर्यंत वाट पाहिली नाही. मैत्री कोणाशी करायची, यावर नियम करता येत नाही. खेळात घ्यायचं, यावर करता येतो.

हा प्रश्न महाराष्ट्रात आला की त्याला जात चिकटते, आणि करुणेवरची बहुतेक प्रशिक्षणं इथेच घसा खाकरून पुढे जातात. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचं मूल घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं, आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्याला पाणी पिता येत नव्हतं. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांच्या शाळाप्रवेशाचा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भाषणं होतात, रांगोळ्या निघतात. त्या वर्गातली बाकीची मुलं दुष्ट होती का? कोणी तसं म्हणणार नाही. त्यांना घरी, देवळात, शाळेत सगळीकडे हीच रीत दिसत होती. त्यांच्यातल्या एखाद्याने उठून नळ सोडावा, यासाठी त्याच्या मनात नुसती दया असून भागत नव्हतं. कोणी शिवायचं आणि कोणी नाही, ही व्यवस्थाच मोडायला हवी होती.

व्यवस्था मोडली की मनं बदलतात का, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. दिल्लीत सरकारी जमीन सवलतीत मिळालेल्या खाजगी शाळांना २००७पासून गरीब मुलांसाठी २० टक्के जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं आली त्या मुलांची तुलना, ज्यांच्या वर्गात अजून आली नव्हती अशांशी केली. पहिल्या गटातली मुलं शाळेच्या सेवाकामात जास्त पुढे होती, हातातले पैसे वाटायचे तर जास्त उदार होती. आणि एक मजेदार चाचणी होती : रिले शर्यतीत बक्षीस जिंकायचंय, जोडीदार निवडा. गरीब शाळेतलं वेगाने धावणारं मूल घेणार की आपल्यासारख्या शाळेतलं जरा हळू धावणारं? गरीब वर्गमित्र असलेल्या मुलांनी भेदभाव कमी केला. गरीब मुलांबरोबर खेळायला जाण्याचीही त्यांची तयारी जास्त होती. यात मोठा वाटा होता तो एकाच अभ्यासगटात बसण्याचा. काही शाळांत हे गट नावाच्या आद्याक्षरावरून पडत, त्यामुळे कोणाबरोबर बसायचं हे आईबापांच्या हातात नव्हतं.

करुणेचा एकही तास न घेता, मूल्यशिक्षणाचं एकही पान न छापता हे झालं. अभ्यासाचं म्हणाल तर हिंदी आणि गणितात काही फरक नाही, इंग्रजीत थोडी घट. रावांनी ती लपवलेली नाही, मीही लपवत नाही.

शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) खाजगी शाळांसाठी २५ टक्क्यांची जी तरतूद आहे, ती म्हणजे याचीच देशव्यापी आवृत्ती. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना त्यातून मोकळं केलं. म्हणजे शहरांतल्या बहुतेक शाळा सुटल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये ती रद्दच केली. सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. त्यावरची चर्चा शुल्काच्या परताव्यावर, शाळाचालकांच्या थकबाकीवर, गरीब मुलांच्या हक्कावर झाली. तो हक्क आहेच, थकबाकीही खरी आहे. पण या मुलांमुळे श्रीमंताघरच्या पोरांना काय मिळतं, हा मुद्दा माझ्या पाहण्यात तरी कोणी मांडला नाही. आणि नुसता प्रवेश देऊन तेही मिळत नाही. काही शाळा या मुलांची तुकडीच वेगळी करतात, काही ठिकाणी त्यांना ‘आरटीईवाले’ म्हणून हाक मारतात. शिक्षकच मारतात, मग मुलं मारतात. एकाच अभ्यासगटात बसवण्यातून जे घडलं असतं, ते वेगळ्या बाकावर बसवून घडत नाही.

पुण्यात एका पालकसभेनंतर एक गृहस्थ सोबत चालत होते. मुलगी तिसरीत. वर्गात आरटीईची काही मुलं. ‘‘वाईट नाहीत हो मुलं,’’ ते म्हणाले, ‘‘पण संगतीचा परिणाम होतोच ना. आता हिच्या वाढदिवसाला ती म्हणते सगळ्या वर्गाला बोलवायचं. सगळ्या म्हणजे सगळ्या. आम्ही म्हटलं, दहाच जण सांग. तर रुसून बसली.’’ मी त्यांना दिल्लीचा अभ्यास सांगितला. परिणाम होतो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, म्हटलं, तो असा असा होतो. शर्यतीचं सांगितलं, खेळायला जाण्याचं सांगितलं, गणित आणि हिंदीचं सांगितलं, इंग्रजीचंही सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. गाडीपाशी पोहोचल्यावर किल्ली खिशातून काढत म्हणाले, ‘‘ते इंग्रजीचं जरा परत सांगा. किती मार्कांचा फरक पडतो म्हणालात?’’